प्रिंटर ड्रायव्हर

बाबा गेल्यानंतर पंधराएक दिवसांनी ताईने विचारलं, "त्यांचा पीसी उघडता येईल का रे? विम्याच्या कागदांचे फोटो त्यातच ठेवलेत म्हणाले होते." पीसीला पासवर्ड होता. आईचा वाढदिवस, लग्नाची तारीख, जुन्या स्कूटरचा नंबर, सगळं टाकून पाहिलं. उघडेना.

मग मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. हार्ड डिस्क बाहेर काढली, यूएसबीच्या केबलने माझ्या लिनक्स लॅपटॉपला जोडली. दहा मिनिटांत बाबांचं सगळं समोर. पासवर्ड कुणी विचारलाच नाही.

"मग तो पासवर्ड होता कशाला?" ताई म्हणाली.

बरोबर होतं तिचं. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दारावरचा वॉचमन. तो विंडोजची नोकरी करतो. विंडोज चालूच केलं नाही, तर तो ड्युटीवरच नसतो. डिस्कवरचा मजकूर मात्र उघडाच पडलेला असतो.

विम्याचे कागद मिळाले. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला 'प्रिंटर ड्रायव्हर' नावाचा फोल्डर दिसला, आणि आमच्या घरी प्रिंटर कधीच नव्हता. आत एक एक्सेल शीट. पतसंस्थेचं कर्ज, माझ्या थर्ड इयरची फी, पुढे महिन्यामहिन्याचे हप्ते. शेवटचा हप्ता मी नोकरीला लागून दीड वर्ष झाल्यावरचा. त्याच दीड वर्षात मी हौसेने बाइक घेतली होती आणि बाबा कॉलनीत पेढे वाटून आले होते. फीचं विचारलं की ते म्हणायचे, "सोय झालीय."

त्या रात्री झोप लागली नाही. बाबांचं गुपित मी केबल लावून वाचलं होतं. माझा स्वतःचा लॅपटॉपही तसाच उघडा होता. ऑफिसचा लॅपटॉप कंपनीने एन्क्रिप्ट करून दिलाय. स्वतःचा मात्र मी चार वर्षं तसाच पाठीवर घेऊन बसने हिंडत होतो.

पुढच्या शनिवारी पुण्यात परत आल्यावर बसलो. सगळ्याचा बॅकअप घेतला, लिनक्स नव्याने टाकलं आणि इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्शनचा पर्याय निवडला. लिनक्समध्ये हे काम डीएम-क्रिप्ट आणि ल्युक्स करतात. डीएम-क्रिप्ट कर्नलमध्ये २००४ सालापासून आहे. ते फाइल सिस्टीम आणि डिस्क यांच्या मधे बसतं. लिहिताना प्रत्येक सेक्टर कुलूपबंद होतो, वाचताना उघडतो, आणि वरच्या कुठल्याही प्रोग्रामला याचा पत्ता नसतो. एईएसचं गणित प्रोसेसरच्या आतच होत असल्याने मशीन मंद झाल्याचंही जाणवत नाही. फक्त सुरू करताना पासफ्रेज द्यायची. आणि घराबाहेर पडताना लॅपटॉप नुसता मिटायचा नाही, बंद करायचा. झोपलेल्या मशीनच्या रॅममध्ये किल्ली तशीच राहते.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. आपली पासफ्रेज ही खरी किल्ली नसते. खरी किल्ली मशीनने स्वतः बनवलेली, कुणालाच पाठ न होणारी. ती डिस्कच्या सुरुवातीला हेडरमध्ये कडीकुलपात ठेवलेली असते, आणि पासफ्रेज फक्त ती पेटी उघडते. अशा पेट्यांना 'की स्लॉट' म्हणतात. जुन्या ल्युक्समध्ये ८, ल्युक्स २ मध्ये ३२. म्हणजे एकाच डिस्कला अनेक माणसांच्या वेगवेगळ्या पासफ्रेज देता येतात. हेडर खराब झाला, तर मात्र सगळ्या पासफ्रेज असूनही डिस्क गेली. म्हणून त्याची प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवली.

दुसरा स्लॉट कुणाला? मी ताईला फोन केला. पासफ्रेज कागदावर लिहून तिच्या कपाटात ठेवायचं ठरलं. ती म्हणाली, "मी उघडून बघितलं तर?"

"मी असेपर्यंत बघू नकोस."

"आणि नंतर?"

यावर ल्युक्सकडे उत्तर नाही. प्रत्येक पासफ्रेज सगळंच उघडते. विमा दाखव आणि प्रिंटर ड्रायव्हर लपव, असा स्लॉट नसतो. बाबांनी डिस्क एन्क्रिप्ट केली असती, तर विम्यासाठी आम्ही खेटे घातले असते आणि मला शीट कधीच दिसली नसती. त्यांना तेच हवं होतं. मला काय हवं होतं, ते अजून सांगता येत नाही.

"नंतर बघ," मी म्हणालो.

बाबांच्या डिस्कवरचे फोटो आणि कागद उतरवून घेतलेत. ती एन्क्रिप्ट करून बॅकअपला वापर, असं ताईनेच सुचवलं. काल रात्री कमांड दिली. सगळं पुसलं जाईल, खात्री असेल तर कॅपिटल अक्षरांत 'येस' टाइप करा, असं ती विचारते. शीटची प्रत मी काढलेली नाही. काढायचा हक्क आहे का, तेच ठरत नव्हतं.

'वाय' टाइप केलं. मग कंट्रोल-सी दाबून बाहेर आलो. डिस्क परत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीय. उघडीच.