तीर सुटण्यापूर्वी

मी अमेरिकेत हरणाची शिकार करतो हे आमच्या महाडच्या नातेवाइकांना कळलं, तेव्हा तीन प्रश्न आले. चाचांनी विचारलं, "ते हलाल होतं का?" मेहुण्यानं विचारलं, "पोलीस पकडत नाहीत?" आणि अम्मीनं विचारलं, "गरीब जनावर ते. त्याला मारायचं तरी कशाला?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं किताबांत आणि कायद्यात सापडतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र मला दर वर्षी नव्यानं द्यावं लागतं, आणि तेही तीर सुटण्यापूर्वी.

आम्ही राहतो ते गाव मॉस्को. रशियातलं नव्हे, आयडाहो राज्यातलं. अमेरिकेच्या वायव्येला, विद्यापीठाभोवती वसलेलं छोटं शहर. चहूबाजूंना पलूस नावाचा लाटांसारख्या टेकड्यांचा प्रदेश आहे. तिथं गहू, मसूर आणि हरभरा पिकतो. डाळ-भात खाणाऱ्या माणसाला परदेशात मसुराची शेतं दिसावीत, याहून मोठी खुशी कोणती! पण हलाल गोश्तासाठी आम्हाला दीड तास गाडी चालवून स्पोकेनला जावं लागतं. शेतांच्या कडेनं मात्र हरणं चरत असतात. ती इथली सरकारी मोजणीतली, ठरावीक संख्येनं शिकारीला खुली असलेली हरणं आहेत.

कायद्याचं आधी सांगतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आपली जंगलं आणि त्यातले प्राणी किती उरलेत, हे आपण जाणतो. तेव्हा हा लेख वाचून कुणी कोकणातल्या रानात भेकराच्या मागे लागू नये! आयडाहोत राज्याचं मत्स्य व शिकार खातं हंगाम ठरवतं, परवाने आणि टॅग विकतं. 1 जानेवारी 1975 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. धनुष्यबाणासाठी आणखी वेगळा अभ्यासक्रम आहे. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं हा इथं गुन्हा आहे. ही तरतूद वाचली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

आता हलालचं. सूरह अल्-माइदामध्ये शिकारीची परवानगी आहे आणि तिच्याबरोबर अल्लाहचं नाव घेण्याची आज्ञाही आहे. त्याच सूरहमध्ये इहरामच्या अवस्थेत शिकार हराम ठरवली आहे. म्हणजे परवानगी देणाऱ्यानंच तिची हद्दही आखून दिली आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे शिकारी होते. त्यांनी पैगंबर (स.) यांना शिकारीविषयी प्रश्न विचारले. त्यांच्या हदीसमधून समजतं ते असं: टोकदार हत्यार शरीरात घुसून जनावर मेलं तर ते खावं, आडव्या बाजूच्या माराने मेलं तर खाऊ नये. शिकार पाण्यात पडून मेलेली सापडली तर खाऊ नये, कारण जीव तिरानं गेला की पाण्यानं, हे कळत नाही. आणि जनावर जिवंत हाती लागलं, वेळ मिळाला, तर जिबह करावंच लागतं. तीर सोडताना बिस्मिल्लाह म्हणणं आमच्या शाफई मसलकात सुन्नत आहे. हनफी मसलकात ते आवश्यक मानतात.

बंदुकीच्या गोळीबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत. गोळी धारेनं कापत नाही, जोरानं फोडते, म्हणून गोळीनं मेलेलं जनावर जिबह केल्याशिवाय अनेक हनफी आलिम हलाल मानत नाहीत. आमच्या छोट्या जमातीत सगळ्या मसलकांचे लोक आहेत. माझ्या घरचा गोश्त कुणीही निःशंक मनानं खावा, म्हणून मी धनुष्य निवडलं. तिराच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात.

पण धनुष्य निवडलं की माणसाला जवळ जावं लागतं. बंदूकवाला दोनशे यार्डांवरून नेम धरतो. मी स्वतःला 25 यार्डांची मर्यादा घातली आहे. जिबह करतानाही सुरीला धार लावावी, जनावराला त्रास कमीत कमी व्हावा, ही आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण आहे. पंचवीस यार्डांच्या आत माझा तीर दर वेळी ठरलेल्या जागी लागतो. त्यापलीकडे "बहुतेक" लागतो. आणि एखाद्या जिवाच्या बाबतीत "बहुतेक" पुरेसं नाही.

हरणाच्या इतक्या जवळ जमिनीवरून पोचणं फार कठीण. म्हणून झाडावर मचाण. आणि मचाण कुठल्या झाडावर बांधायचं, या एका प्रश्नात माझा अख्खा उन्हाळा जातो.

इथं दोन जातींची हरणं आहेत. म्यूल डिअरचे कान खेचरासारखे मोठे, शेपटीचं टोक काळं, आणि नराच्या शिंगाला फाटे फुटतात त्या फाट्यांनाही पुन्हा फाटे. ते उघड्या उतारांवर, स्नेक नदीच्या खोऱ्याकडे जास्त. आज या वाटेनं गेलं, म्हणून उद्याही जाईल याची खात्री नाही. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण, झाडीच्या कडेला राहतं. धोका वाटला की शेपटीचा पांढरा झेंडा उभारून पळतं. पण चरण्याची जागा, बसण्याची जागा आणि त्यांमधल्या वाटा ते सहसा सोडत नाही. मचाणावर बसून वाट पाहणाऱ्याला हेच हरीण बरं.

जूनमध्ये मी नकाशा घेऊन बसतो. उपग्रहाचं चित्र आणि समोच्च रेषा शेजारी ठेवल्या की रान बोलू लागतं. डोंगराची सोंड कुठं उतरते, खिंड कुठं आहे, घळ कुठल्या शेतात उघडते. माणसासारखंच हरीणही चढ टाळून खिंडीतून जातं. नकाशावर आणखी एक गोष्ट पाहायची: जमीन कुणाची? आयडाहोची साठ टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे, पण आमच्या आसपास शेतं खासगी. परक्याच्या जमिनीत विचारल्याशिवाय पाऊल टाकलं तर कायदा मोडतो आणि अमानतही. मी एका वृद्ध शेतकऱ्याचं दार ठोठावलं. हरणं त्यांचा हरभरा खातात, त्यामुळे ते नाराज होतेच. दोन अटी घातल्या: फाटक उघडं ठेवायचं नाही, आणि झाडाला खिळा मारायचा नाही. मी म्हणालो, "कुंपणाची दुरुस्ती असेल तर तीही करीन." दोन शनिवार आम्ही दोघांनी तारा ओढल्या. त्या रानाबद्दल मला जे कळलं, त्यातलं निम्मं त्या दोन शनिवारी त्यांच्याकडून कळलं.

जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी मी लांब रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून दुर्बीण लावतो. तेव्हा नरांची शिंगं मखमली आवरणात असतात आणि ते तीन-चारच्या टोळीनं चरतात. सप्टेंबर लागता लागता मखमल गळते, टोळी फुटते, सवयी बदलतात. त्यात गव्हाची कापणी होते, मग हरभऱ्याची. काल जिथं चारा होता तिथं आज खुंटं. मागे हिरवं काय राहतं? तर लसूणघास. म्हणून मी ऑगस्टमधल्या गर्दीवर भरवसा ठेवत नाही; कापणीनंतर हरीण कुठं येईल ते पाहतो. दुपारी, हरणं झाडीत विसावलेली असताना, कडेकडेनं एकदा चालून येतो. ओल्या मातीत खुरांचे ठसे, ताज्या लेंड्या, शिंगं घासून सोललेली कोवळी झाडं, कुंपणाच्या तारेला अडकलेले केस. तारेखालून जाताना केस अडकतात, म्हणजे रोजची वाट तीच.

यानंतर येतो वारा. हरणाच्या नाकापुढे माणसाची हुशारी चालत नाही. डोंगराळ भागात हवेचं साधं वेळापत्रक असतं. सकाळी ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते. संध्याकाळी गारवा आला की ती पाण्यासारखी घळीतून खाली वाहते. माझी लसूणघास खाली, झाडी वर. संध्याकाळी हरीण वरून खाली येतं आणि माझा वासही खालीच जातो, म्हणजे येणाऱ्या हरणाला तो लागत नाही. सकाळी तेच हरीण वर परतत असतं आणि चढती हवा माझा वास थेट त्याच्या बसण्याच्या जागेत नेऊन पोचवेल. म्हणून ते मचाण फक्त संध्याकाळचं. पावडरची छोटी बाटली दाबून मी हवेचा प्रवाह पाहतो. चार संध्याकाळी पाहिल्यावरच झाड ठरतं.

दोन झाडं मनात भरली होती. एक जुना सीडर, थेट तळ्याच्या काठावर. तळ्याभोवतीच्या चिखलात ठसेच ठसे. कुणीही शिकारी तेच झाड निवडेल. पण घायाळ हरीण पुष्कळदा पाण्याकडे धावतं. ते पाण्यात जाऊन मेलं तर माझ्यासाठी तो गोश्त संपला आणि एक जीव फुकट गेला. म्हणून मी दुसरं झाड घेतलं, तळ्यापासून दूर, वाटेपासून 18 यार्डांवर असलेला डग्लस फर. वाटेच्या अगदी वर बसायचं नसतं. फार तीव्र कोनातून सोडलेला तीर एकाच फुप्फुसात जातो आणि जनावर तडफडत लांब जातं. थोड्या अंतरावरून, ते आडवं उभं असताना, खांद्यामागे मारलेला तीर दोन्ही फुप्फुसांतून पार होतो आणि काही क्षणांत सगळं संपतं.

मचाण पट्ट्यांनी बांधलं, वीस फुटांच्या आत. शिडीच्या पहिल्या पायरीपासून उतरेपर्यंत अंगात पूर्ण पट्टा आणि तो दोरीनं झाडाला जोडलेला. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही. वर बसल्यावर दोरीनं ओढून घ्यायचं. पत्नीकडे त्या झाडाचा नकाशा ठेवतो आणि परतायची वेळ सांगून जातो. घरी मुलं वाट पाहत असताना बेपर्वाईला तवक्कुल म्हणता येत नाही. मे महिन्यापासून रोज फज्रनंतर वीस तीर. निम्मे जमिनीवरून, निम्मे शेडच्या छपरावरून, कारण उंचीवरून नेम बदलतो.

एक नियम माझा स्वतःचा आहे. कायद्यानं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि खरं तर तोच सर्वांत चांगला अर्धा तास. पण सूर्य मावळला की मी खाली उतरतो. एक तर मगरिब. दुसरं म्हणजे, तीर लागलेलं जनावर शोधायला उजेड हवा. अंधारात हरवलेलं जनावर सकाळपर्यंत कोल्ह्यांचं होतं. इथले मित्र हसतात. हसू देत.

गेल्या सप्टेंबरमध्ये पाच संध्याकाळी बसलो. पहिल्या दोन रिकाम्या गेल्या. एक खार तेवढी रागावून गेली. तिसऱ्या दिवशी मोठा नर आला, असा की शेजारी ऐकून अजून हळहळतात. तो चाळीस यार्डांवर लसूणघासच्या कडेला थांबला आणि जवळ आलाच नाही. धनुष्य गुडघ्यावरच राहिलं. चौथ्या दिवशी मादी आली, बारा यार्डांवर, मागे दोन पाडसं. टॅगवर मादीही चालत होती. पण पाडसं तिच्या पोटाशी घुसत होती, ते पाहून बोटं आपोआप सैल झाली.

पाचव्या दिवशी असरनंतर चढलो. सूर्य टेकायला वीस मिनिटं असताना तरुण नर वाटेनं आला. शिंगं लहान. ठरलेल्या जागी आडवा उभा राहिला. माझं काळीज इतकं धडधडत होतं की ते त्याला ऐकू जाईल असं वाटलं. ओठांतल्या ओठांत "बिस्मिल्लाही अल्लाहु अकबर" म्हटलं आणि तीर सोडला. पन्नास-साठ पावलं धावून तो माझ्या नजरेसमोर पडला. सुरी हातात घेऊन उतरलो, पण तिची गरज पडली नाही. त्याच्या मानेवर हात ठेवला तेव्हा अंग गरम होतं. जिंकल्याचा आनंद मला तेव्हा झाला नाही. शुक्र होता, आणि त्यातच एक जडपणा होता. तो जडपणा ज्या वर्षी जाणवणार नाही, त्या वर्षी मी धनुष्य विकून टाकीन.

टॅगवर तारीख नोंदवली, तो जनावराला लावला. 2021 मध्ये आयडाहोत हरणांना होणारा, मेंदू झिजवणारा एक आजार सापडला. म्हणून नमुना तपासायला दिला आणि अहवाल स्वच्छ येईपर्यंत गोश्त फ्रीझरमध्येच ठेवला. मग तीन वाटे केले. एक शेतकऱ्याला, एक जमातीतल्या घरांना, एक आम्हाला. हरणाच्या गोश्तात चरबी नसते, तो लवकर कोरडा पडतो. पत्नीनं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप घालून मंद आचेवर शिजवला, तेव्हा स्वयंपाकघरात महाडचा वास दरवळला.

मुलीनं ताटातला एकही तुकडा टाकला नाही. ती दुकानातून आणलेल्या कोंबडीचे तुकडे सहज टाकते. या गोश्तामागे उन्हाळाभर काय चाललं होतं, ते तिनं पाहिलं होतं: कुंपण, नकाशा, छपरावरचे तीर, रिकाम्या हातानं परतलेला बाप. अल्लाहनं जी गोष्ट आपल्यासाठी हलाल केली तिची किंमत आपल्याला कळावी, एवढ्यासाठीच मी मारतो असं मी म्हणणार नाही. गोश्त आवडतो म्हणूनही मारतो. पण खायचंच असेल, तर एका तरी घासाची जबाबदारी आपल्या हातांनी उचलावी, असं मला वाटतं.

ऑक्टोबरमध्ये लार्चची झाडं पिवळी झाली तेव्हा मचाण उतरवलं. फरच्या सालीवर पट्ट्यांचे पुसट वळ होते, खिळ्याचं एकही भोक नव्हतं. फाटक लावून घेतलं. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि तिची कदर करण्याची तौफिक देवो. आमीन.