कोळ्याची षष्ठी

एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरी. नातीनं हे नाव मला तीनदा म्हणायला लावलं, तेव्हा कुठे जीभ वळली.

हा एक कोळी. कर्नाटकातल्या सह्याद्रीत, लोकांनी पिढ्यानपिढ्या राखलेल्या जंगलात सापडला. तिकडे अशा रानाला 'कान' म्हणतात. आपल्या देवराईचं सख्खं भावंडच म्हणा ना! जावेद अहमद, राजश्री खलप आणि सुमुखा जवगल या तिघांनी २०१६ च्या डिसेंबरात त्याचं रीतसर वर्णन छापलं. लांबी जेमतेम सात मिलिमीटर. रंग वाळक्या पानाचा, आणि पोट मागे निमुळतं होत जाऊन टोकाला वाकलेलं. हॅरी पॉटरच्या गोष्टीत एक बोलकी टोपी आहे म्हणे, अगदी तशी. ती टोपी मुळात ग्रिफिंडर नावाच्या जादूगाराची, म्हणून हे नाव. लेखिका रोलिंगबाईंनीही संशोधकांचं कौतुक केलं होतं.

माझं लक्ष मात्र शेवटच्या 'ई'वर गेलं. मराठीच्या मास्तराला दुसरं काय दिसणार? ती चक्क लॅटिनमधली षष्ठी निघाली. ग्रिफिंडोरी म्हणजे ग्रिफिंडरचा. बाईचं नाव असतं तर प्रत्यय वेगळा लागला असता. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 'आयशियस तुकारामी' नाव दिलं गेलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचा तो कोळी. हे वाचलं आणि खरं सांगतो, चष्मा पुसावा लागला.

नवी जात म्हणून सांगणं सोपं नसतं. नुसता फोटो पुरत नाही. कोळी पूर्ण वाढलेला लागतो, कारण जाती ओळखायच्या त्या मुख्यतः जननेंद्रियांच्या रचनेवरून, आणि पिल्लात ती तयारच झालेली नसते. मग सूक्ष्मदर्शकाखाली पायाचा एकेक सांधा मोजायचा, आठ डोळ्यांची मांडणी पाहायची, जुन्या वर्णनांशी ताडून बघायचं. ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो अल्कोहोलमध्ये जपून ठेवायचा, पुढच्यांना तपासता यावा म्हणून. ग्रिफिंडोरीचं ते वर्णन फक्त मादीवरून झालं. नराशिवाय लग्नपत्रिका छापावी तसं! जगातल्या नोंदलेल्या कोळ्यांनी २०२२ मध्ये पन्नास हजारांचा आकडा ओलांडला, तरी नवे सापडतच आहेत.

हे सगळं मी आत्ताच का लिहितोय ते भावकीतल्या मंडळींनी ओळखलं असेलच. देवळाच्या जीर्णोद्धारात गाड्या लावायला जागा हवी म्हणून राईची पश्चिमेची बाजू मोकळी करायचं घाटतं आहे. तिकडे पालापाचोळा गुडघाभर आहे, 'तिथे आहेच काय?' असं विचारतात. मी विचारतो, कोणी वाकून बघितलंय का?

गणपतीत पाचव्या दिवशी विसर्जनानंतर बैठक आहे. मुंबई-पुण्याच्या दादा-वहिनींनी त्याच रात्री परतीची गाडी पकडू नये. जाळी विणणारे बरेच कोळी अंधार पडल्यावर कामाला लागतात, तेव्हा बैठकीआधी राईत एक चक्कर मारू. येताना प्रत्येकाने बॅटरी आणावी. भिंग माझ्याकडे आहे.