पत्ता कुणाचा?

समुद्रपूर तालुक्यातला एक महिला बचत गट वायगावची हळद दळून विकतो. या हळदीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं गटालाही मेलवर विचारू लागली. गटाचा ई-मेल पत्ता मात्र एका ताईंच्या पुतण्याच्या नावाचा होता. त्यानंच तो हौसेनं काढून दिला, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. पुढं तो नोकरीला बाहेरगावी गेला, नंबर बदलला, आणि एक दिवस पासवर्ड चालेना. ओटीपी जुन्या नंबरवर जात राहिला. तीन वर्षांच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, हळदीच्या तपासणीचे अहवाल, सगळं आत आणि गट बाहेर.

पोराला दोष देण्यात अर्थ नव्हता. पत्ता गटाचा कधी नव्हताच.

मी वर्ध्यात राहतो आणि वेबसाइटची बारीकसारीक कामं करतो. ताई म्हणाल्या, "पोरगं राहो का जावो भाऊ, पत्र आमच्याच दारात आलं पायजे."

मग गटाच्या नावानं डोमेन घेतलं आणि शेअर्ड होस्टिंग. शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ. एकाच सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं, दारावरची पाटी तेवढी वेगळी. म्हणूनच ते परवडतं. होस्टिंगसोबत एक वेबमेल मिळालं होतं, पण त्याच्या पत्त्याच्या शेवटी २०९६ हा पोर्ट नंबर, आणि असे पोर्ट ऑफिसांच्या नेटवर अनेकदा बंद असतात. शिवाय आतला सगळा कारभार इंग्रजीत. म्हणून राउंडक्यूब बसवायचं ठरवलं. ते पीएचपीत लिहिलेलं आहे, फुकट आहे आणि त्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे.

काम तसं सरळ. सबडोमेन काढायचं, फाइल अपलोड करून तिथं उघडायची. कंट्रोल पॅनेलमधून एक डेटाबेस आणि त्याचा युजर तयार करायचा. शेअर्ड होस्टिंगवर या दोघांच्या नावाआधी सहसा आपल्या खात्याचं नाव चिकटतं. पुढं ते पूर्ण नावच द्यावं लागतं. मग ब्राउझरमध्ये इन्स्टॉलर उघडला की तो एकेक गोष्ट तपासतो: पीएचपीची एक्स्टेन्शन्स आहेत का, टेम्प आणि लॉग्ज या फोल्डरांत लिहिता येतं का. मेल वाचायला आयमॅपचा ९९३, पाठवायला एसएमटीपीचा ५८७. सगळं हिरवं झालं की इन्स्टॉलरचं फोल्डर काढून टाकायचं. ते ठेवणं म्हणजे गवंडी गेल्यावरही शिडी भिंतीला लावून ठेवणं.

लॉगिनचं पान उघडलं तेव्हा ताईंनी विचारलं, "म्हंजे आता पत्रं याच्यात राह्यतात?"

नाही. राउंडक्यूब ही फक्त खिडकी आहे. त्याच्या डेटाबेसात सेटिंग्ज असतात, ओळखीच्यांचे पत्ते असतात. पत्रं राहतात मेल सर्व्हरवर. खिडकी मोडली तर दुसरी बसवता येते.

"मंग आपलं काय हाये यात?"

नाव. होस्टिंग बदललं तर जुनी पत्रं आधी उतरवून घ्यायची, डीएनएसमधली एमएक्स नोंद बदलायची, की नवी पत्रं नव्या सर्व्हरवर यायला लागतात. गिऱ्हाइकासाठी पत्ता तोच राहतो.

नावावर टपाल अडतं, हे आमच्या जिल्ह्यानं फार पूर्वी पाहिलंय. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. इकडं बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेलाइनवर शेगाव. नावं इतकी जवळची की गांधीजींची पत्रं तिकडं भटकायची. १९४० साली सेगावचं सेवाग्राम झालं. सेवाग्राम म्हणजे सेवेचं गाव, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यामागं चुकलेल्या टपालाचीही गोष्ट आहे हे पुष्कळ उशिरा कळलं, आणि ते नाव जास्त जवळचं वाटायला लागलं.

आता अडचण थोडी वेगळी आहे. तुमच्या नावानं पत्र कुणीही, कुठूनही टाकू शकतं. म्हणून डीएनएसमध्ये एसपीएफ नोंद करतात: आमच्या नावानं मेल पाठवायचा हक्क अमुक सर्व्हरलाच. आणि डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवर उठणारी मोहोर. जीमेलच्या खात्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे यातलं निदान एक असलंच पाहिजे, असा नियम गूगलनं फेब्रुवारी २०२४ पासून लावला. आम्ही दोन्ही केली. तरी चाळीतल्या एखाद्या शेजाऱ्यानं स्पॅमचा मारा केला, तर सगळ्यांचा आयपी पत्ता बदनाम होऊ शकतो. स्वस्ताईची तीही एक किंमत.

राउंडक्यूब त्या दुपारीच बसलं. खरा वेळ गेला तो वहीत. हप्त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर डोमेनची मुदत लिहिली, होस्टिंगची मुदत लिहिली, पैसे कुणी आणि केव्हा भरायचे ते लिहिलं. डोमेनच्या खात्याला संपर्काचा मेल म्हणून त्याच डोमेनवरचा पत्ता दिला नाही, कारण पेटीची किल्ली पेटीतच ठेवून चालत नाही. फोन नंबर अध्यक्षांचा, जोडीला सचिवांचा. माझा कुठंच नाही.

पुढच्या महिन्यात गटाच्या सचिव बदलणार आहेत. नंबर बदलेल, पासवर्ड बदलेल. हळदीच्या पाकिटांवर पत्ता छापून झालाय, तो बदलावा लागणार नाही.