अश्वहृदय आणि अक्षहृदय

शर्यतीच्या घोड्यांचा विषय आपल्या घरांतून सहसा निघत नाही. आणि निघालाच, तर वडील माणसे 'जुगार' ह्या एका शब्दाने तो मिटवून टाकतात. हा निकाल अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ह्या व्यवहारात दोन निराळ्या प्रकारची माणसे गुंतलेली असतात, ह्याकडे आपले लक्ष जात नाही. एक, कठड्याबाहेर उभा राहून दुसऱ्याच्या घोड्यावर पैसे लावणारा. आणि दुसरा, त्या घोड्याचा धनी. पहिल्याचा संबंध दोन-अडीच मिनिटांत सुटतो. दुसऱ्याचा घोडा हरून आला, तरी संध्याकाळी त्यास चंदी घालावीच लागते. ह्या दुसऱ्या माणसाविषयी चार शब्द लिहावे असे मनात आहे. मी स्वतः पैज कधी लावली नाही. मात्र सदतीस वर्षे संस्कृत शिकविण्यात गेल्यामुळे घोडा आणि द्यूत ह्या दोहोंची ओळख मला प्रथम ग्रंथांतून झाली, आणि पुढे एका विद्यार्थ्यामुळे प्रत्यक्षही झाली.

ग्रंथांतली ओळख आधी सांगतो. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता ह्या दोघी सवतींनी उच्चैःश्रव्याच्या शेपटीच्या रंगावर पण लावला. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांस काळ्या केसांप्रमाणे शेपटीला बिलगावयास सांगितले, आणि विनता दासी झाली. घोड्यावर लावलेला पण आणि त्यातील लबाडी ही दोन्ही आपल्याकडे इतकी जुनी आहेत. वनपर्वातील नलाची कथा ह्याहून अधिक विचार करण्याजोगी आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल, बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरी राहिला. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने व फळे अचूक सांगून त्यास थक्क केले आणि फाशांचे रहस्य, म्हणजे अक्षहृदय, त्यास दिले. त्याच्या मोबदल्यात नलाने पुढे आपले अश्वहृदय ऋतुपर्णास दिले. फाशांची विद्या एक आणि घोड्याची विद्या दुसरी, हा भेद व्यासांनी इतका स्पष्ट केला आहे. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणात, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ होय, असा निर्णय दिला, तेव्हा मला ऋतुपर्णाची आठवण झाली ती ह्यामुळेच.

परंतु कौशल्याचा खेळ म्हणजे हमखास लाभाचा खेळ नव्हे. ह्या बाबतीत थोरामोठ्यांचे अनुभव पाहण्यासारखे आहेत. राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी ह्यांनी १३०० गिनींस घेतलेले 'विंडसर लॅड' नावाचे शिंगरू १९३४ साली इंग्लंडची डर्बी जिंकले. महाराजांनी तो घोडा पुढे ५०,००० पौंडांस विकला, आणि त्याच वर्षी त्याने सेंट लेजर ही दुसरी मोठी शर्यत जिंकली, ती नव्या धन्यासाठी. विकावे केव्हा आणि राखावे केव्हा, हे पुरते कोणास कळले आहे? बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड ह्यांनी १९४५ साली २८,००० गिनी, म्हणजे त्या काळची विक्रमी किंमत देऊन एक शिंगरू घेतले व त्याचे नाव 'सयाजीराव' ठेवले. त्याने १९४७ साली आयरिश डर्बी आणि सेंट लेजर अशा दोन शर्यती जिंकून दिल्या. येथे पैसा वाया गेला नाही. उलट, २००६ साली अमेरिकेत एक कोटी साठ लाख डॉलरांस घेतलेला 'ग्रीन मंकी' अवघ्या तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. आणि १९२८ साली न्यूझीलंडात केवळ १६० गिनींस मिळालेला 'फार लॅप' ५१ शर्यतींपैकी ३७ जिंकून १९३२ साली परमुलखात अकस्मात मेला. किंमत आणि यश ह्यांचा मेळ असा आहे. कुळी पाहून, हाडापेराची परीक्षा करून घोडा घेतात. परंतु त्याच्या अंगात ईर्ष्या आहे की नाही हे मैदानावाचून कोणास दिसत नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याची हकीकत. त्याचा यंत्रांच्या सुट्या भागांचा लहानसा कारखाना आहे. घर एकत्र, मातुःश्री, थोरले बंधू, दोन्ही सुना आणि मुले, अशी एका चुलीवर जेवणारी माणसे. त्याने तिघा मित्रांबरोबर भागी करून एक वर्षाची शिंगरी विकत घेतली. मला पेढे द्यावयास आला तेव्हा त्याने तिच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखविल्या. ज्या मुलास शब्दरूपे कधी पाठ झाली नाहीत, त्याची ही स्मरणशक्ती पाहून मला कौतुकच वाटले.

पहिले दीड वर्ष केवळ खर्चाचे गेले. शर्यतीच्या घोड्याचा संसार मोठा असतो. शिक्षकाचे वेतन, मोतद्दाराचा पगार, पागेचे भाडे, चंदी-वैरण, दर महिन्यास नालबंद, वरचेवर पशुवैद्य. घोड्यास ओकारी करता येत नाही, त्यामुळे साधा पोटशूळही त्याच्या जिवावर बेतू शकतो. गुडघ्याखाली त्याच्या पायास स्नायूच नसतो. हाड, कंडरा आणि कातडे एवढेच. पाचशे किलोंच्या आसपास वजनाचा देह चौखूर धावताना क्षणभर एकाच पायावर येतो, आणि तो पाय असा! धन्याची सगळी संपत्ती त्या बोटभर जाडीच्या दोरीवर तोललेली असते.

घोडी पहिल्या शर्यतीत पाचवी आली, दुसरीत तिसरी. पुढे पुण्याच्या पावसाळी हंगामात बाराशे मीटरांची एक शर्यत तिने जिंकली. त्या दिवशी त्याच्या आग्रहास्तव मी मैदानावर गेलो होतो. चिखलाचे शिंतोडे उडालेली ती घोडी धापा टाकीत परतली, तेव्हा मोतद्दाराने तिच्या मानेस मिठी मारली आणि तिच्या कानाशी तो काहीतरी पुटपुटला. धनी मंडळी छायाचित्रासाठी उभी राहिली. मला त्या क्षणी वाटले की अश्वहृदय ह्या जागी कोणाजवळ असेल, तर ते त्या मोतद्दाराजवळ.

जिंकल्यानंतरची गोष्ट सामान्य वाचकांस ठाऊक नसते. जिंकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर पुढल्या वेळी वजन वाढते आणि त्यास वरच्या वर्गात धावावे लागते. हरणाऱ्याचे वजन उतरते. सर्वांस सारखी संधी मिळावी हा हेतू. परंतु धन्याच्या दृष्टीने पाहता, यश हेच पुढील अडचणीचे कारण होते. शाळेत खालच्या वर्गात पहिला आलेला मुलगा वरच्या वर्गात मागे पडावा, तशी ती घोडी पुढे सहा वेळा धावली आणि एकदाही पहिल्या तिघांत आली नाही. सातव्या वेळी सकाळच्या रपेटीतच उजव्या पुढल्या पायाची कंडरा दुखावली. ही दुखापत भरून यावयास नऊ महिने, वर्ष लागते आणि भरली तरी पुन्हा होण्याचे भय असते.

त्याच आठवड्यात घरात दुसरी गोष्ट उघडकीस आली. थोरल्या बंधूंच्या मुलीच्या शिक्षणासाठी धाकट्याच्या नावावर जी ठेव ठेवलेली होती, तिच्यावर त्याने घोडीच्या खर्चापायी कर्ज काढले होते. ठेवीची पावती पाहावयास गेलेल्या सूनबाईंना हे कळले. दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले.

थोरले बंधू मितभाषी. ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, जिंकली तेव्हा पेढे सगळ्यांना मिळाले, हे खरे. पण तोटा सगळ्यांचा असेल, तर तो होण्याआधी सगळ्यांना विचारायला नको होते काय?"

धाकटा खाली मान घालून बसला होता. मी त्यास म्हणालो, "अरे, तू मोठमोठ्या कुळ्या पाठ केल्यास, आता हिशेबही म्हणून दाखव." त्याने वही आणली. घरातल्या सर्वांसमक्ष, सुनांसह, तीन वर्षांचा जमाखर्च वाचला गेला. बक्षिसापैकी त्याच्या वाट्यास आलेली रक्कम एका वर्षाच्या खर्चासही पुरली नव्हती. आयकराचा १९६१ चा कायदा करणारेही ह्या बाबतीत सावध होते असे दिसते. शर्यतीचे घोडे बाळगण्यात आलेला तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येऊ नये, तो पुढील चार वर्षांत घोड्यांच्याच उत्पन्नातून भरून निघाला तर निघावा, अशी तरतूद त्यात केलेली होती. सरकारने जो तोटा वेगळ्या कप्प्यात ठेवला, तो ह्या गृहस्थाने पुतणीच्या ठेवीत मिसळला होता. त्याने मोटार विकली आणि प्रवेशाच्या आधी ठेव मोकळी केली. एवढ्यावर घरातले प्रकरण मिटले.

घोडीचे मात्र मिटावयाचे होते. तिघे भागीदार म्हणू लागले की मिळेल त्या किमतीस, मिळेल त्यास ती देऊन टाकावी. नेणारा तिचे काय करणार हे विचारण्याचे कोणास कारण वाटत नव्हते. धाकट्यासही, इतके सोसल्यानंतर, तेच बरे वाटले असावे. तेव्हा मातुःश्री बोलल्या. तीन वर्षांपूर्वी ह्या खरेदीस सर्वांत कडवा विरोध त्यांचाच होता.

"ती घेऊ नकोस असे मी सांगत होते. पण तू घेतलीस ना? धावत होती तोवर आपली, आणि लंगडी झाल्यावर कोणाची? दारची गाय भाकड झाली म्हणून तुझ्या आजोबांनी ती कधी कोणाच्याही दाव्याला बांधली नाही."

ह्यावर कोणी काही बोलले नाही. अखेरीस भागीदारांनी आपले हक्क सोडले. थोरल्या बंधूंनी, मला आश्चर्य वाटले, आपणहून निम्मा खर्च उचलला. घोडी शहराबाहेर घोडेस्वारी शिकविणाऱ्या एका ठिकाणी ठेवली. चौदा महिन्यांनी तिचा पाय धरला. आता ती शर्यतीस निरुपयोगी आहे. परंतु लहान मुलांस पाठीवर घेऊन संथ चालते, फार तर दुडकी धरते. जिच्यासाठी ठेव होती ती पुतणी सुटीत तिला गूळ घेऊन जाते, असे ऐकतो.

घोडे पाळणे हे पाप आहे असे मला वाटत नाही. उमदे जनावर, त्याची निगा, पहाटेची रपेट, जिंकल्याचा तो एक दिवस, ह्यांत खरा आनंद आहे, आणि ज्यास परवडतो त्याने तो अवश्य घ्यावा. परंतु परवडणे म्हणजे काय, ह्याचा हिशेब लोक अर्धवट करतात. खरेदीची किंमत सर्वच पाहतात. रोजच्या खर्चाचा अंदाज थोडे जण करतात. आणि शर्यतीचे दोन-चार हंगाम संपल्यावर जी पुढली वीसएक वर्षे घोडा जगू शकतो, त्यांचा आकडा बहुधा कोणीच मांडत नाही. हे तिन्ही आकडे मांडून, ते घरच्या माणसांपुढे ठेवून, मग ज्याने घोडा घेतला, त्यास जुगारी म्हणावयास मी तरी धजणार नाही. अक्षहृदय थोड्याबहुत अभ्यासाने साधत असेल. अश्वहृदय साधण्यास हरलेल्या घोड्याजवळ थांबावे लागते.