कासवांचा तराफा

१२ फेब्रुवारी २०२५

पुतण्या पुण्यात दोन खोल्यांच्या घरातून एका खोलीच्या घरात गेला आणि त्याची दोन कासवं काचेच्या टाकीसकट अमडापूरला आली. कानाशी लाल पट्टा, हिरवी पाठ, पोटावर पिवळी-काळी नक्षी. रेड-इअर्ड स्लायडर. मूळ गाव मिसिसिपी नदीचं खोरं. शहरातल्या दुकानांत ही रुपयाच्या नाण्याएवढी असताना विकतात आणि विकणारा छातीठोक सांगतो, ‘एवढीच राहतात.’ मादी दहा-अकरा इंचांची होते आणि नीट ठेवली तर तीस वर्षं जगते. आमच्याकडची मोठी आत्ताच तळहातात मावत नाही.

टाकीसोबत एक प्लास्टिकचं बेटही आलंय. चार रबरी चकत्यांनी काचेला चिकटतं, वर नारळाचं झाड. मोठी चढली की बेट पाण्याखाली जातं आणि ती पाण्यात उभी असल्यासारखी दिसते. धाकट्याच्या वाट्याला नारळाचं झाड.

१५ फेब्रुवारी

हिचं म्हणणं, पाण्यातला जीव आहे, राहू द्या की पाण्यात. पण हा नुसता पाण्यातला जीव नाही. कासवाचं अंग स्वतःहून तापत नाही. पचनसुद्धा बाहेरच्या उबेवर चालतं. म्हणून ते दिवसाचे काही तास पूर्ण बाहेर येऊन ऊन खातं. पाणी पंचवीसेक अंश असेल तर बसायची जागा तीस ते पस्तीस अंश हवी. उन्हातल्या अतिनील किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडाला लागत नाही. मग कवच मऊ पडतं, पाय वाकतात. शिवाय कवच रोज कडकडीत वाळलं नाही तर त्याच्या फटींत बुरशी आणि जंतू धरतात, कवच कुजतं. ‘पूर्ण कोरडं’ ही अट महत्त्वाची. पोट ओलं राहिलं तर त्या बेटाचा उपयोग शून्य.

पुतण्याने टाकी खिडकीत ठेवली होती. ऊन यायचं, पण काचेतून. साध्या काचेत ते कामाचे किरण अडकतात, आत येतो तो उजेड आणि ऊब. शहरात त्यासाठी वेगळा दिवा लावतात, तो पेटत राहिला तरी सहा महिने-वर्षभरात त्यातले ते किरण संपतात. आपल्याकडे देवाने दिवा फुकट दिलाय, काच मध्ये आणायचं कारण नाही.

१८ फेब्रुवारी

मोठी व्यवस्था होईपर्यंत टाकीतच ओटा केला. दोन विटा उभ्या, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा, खरबरीत बाजू वर. घोटलेली बाजू वर ठेवली की कासव घसरतं. आणि फार खडबडीत दगड ठेवला की पोटाचं कवच घासून ओरखडे पडतात. मधलं हवं. विटेचा कोपरा काचेच्या तळावर टेकला तर तडा जाणार, म्हणून खाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. थर्मोकोल मुद्दाम टाळला. कासव त्याचे लचके तोडून गिळतं. दुसरी फरशी उतरती लावली, तिचं खालचं टोक चांगलं पाण्यात.

टाकी अंगणात नेल्यावर दुपारी मोठी चढली. मागचे दोन्ही पाय लांब ताणले, बोटं पसरली, मान बाहेर. बैठकीत पाहुणा लोळावा तशी.



२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

महादेवाच्या देवळात गर्दी. नंदीच्या पुढ्यात दगडी कासव असतंच, त्याच्यावर फुलं आणि नाण्यांचा खच. बल्लाळदेवीच्या टेकडीकडून परतताना ओळखीचे दोघे घरी आले, आमच्या अंगणातल्या जिवंत कासवांची बातमी कळली म्हणून. पहिला प्रश्न: ‘कितीक नखं हायेत?’

विदर्भात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वीस नखांच्या कासवाने पैशाचा पाऊस पडतो, या भोंदूगिरीपायी कासवांची चोरटी खरेदी-विक्री चालते आणि त्यात माणसं तुरुंगात गेली आहेत. मी मोजून दाखवलं: पुढच्या पायाला पाच-पाच, मागच्याला चार-चार. अठरा. दोघांचे चेहरे पडले. घरात कासव असलं की लक्ष्मी येते, असंही त्यातल्या एकाने सांगून पाहिलं. सध्या तरी लक्ष्मी कासवांच्या खाण्यावर बाहेर जाते आहे.

नख मोजणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगितली. आपल्या विहिरी-नाल्यांतलं मृदू पाठीचं कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणं, घरी पाळणं, विकणं, सगळा गुन्हा. हे स्लायडर परदेशी म्हणून त्या यादीबाहेर आहे, त्याचाच फायदा दुकानदार घेतात.

६ मार्च

अंगणातला जुना हौद रिकामाच आहे. सहा फूट बाय चार, अडीच फूट खोल. कासवांना तो द्यायचं ठरलं. अडचण एकच, पण मोठी: पाण्याची पातळी. नळाचा नेम नाही, मार्चपासून हौदातलं पाणी उडतं, झाडांनाही त्यातलंच जातं. आज काठोकाठ, आठ दिवसांनी वीतभर खाली. पक्का ओटा बांधला तर पाणी उतरल्यावर त्याचा उतार हवेत लोंबकळणार, आणि पाणी वाढल्यावर ओटाच बुडणार. ओटा पाण्याबरोबर खाली-वर झाला पाहिजे. म्हणजे तराफा.

आमचं दुकान पाइप-मोटारीचं. हिशेब रात्री कागदावर केला. अडीच इंची, म्हणजे ७५ मिलिमीटरचा पाइप दोन्हीकडून बंद केला की मीटरमागे साधारण ४.४ लिटर पाणी बाजूला सारतो. तेवढेच किलो तो तोलून धरतो. मीटरभर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद चौकट केली तर सगळा मिळून २.९ मीटर पाइप, जवळपास १३ किलोचा भार. चौकटीचं आणि वरच्या जाळीचं वजन चार किलोच्या आसपास. उरले नऊ. पूर्ण वाढलेली मादी दोन-अडीच किलोची धरली आणि दोन्ही एकदम चढली तरी पाइपचा साधारण तिसरा हिस्सा वर राहतो. पुतण्याच्या बेटाच्या डब्यावर नारळाचं झाड छापलेलं आहे, किती वजन पेलतं ते छापलेलं नाही.

९ मार्च

दुकान बंद असल्याने फिटर आला. चौकटीच्या चार कोपऱ्यांना एल्बो, सोल्युशन लावून सांधे बंद. वर टोमॅटोच्या दोन क्रेटचे तळ कापून केबल टायने बांधले. टायची कापलेली टोकं खालच्या बाजूला. वर राहिली तर कासवाच्या पोटाला सुरीसारखी लागतील. जाळी बारीक भोकांची निवडली, नख अडकून उपटायला नको. पाइपच्या कडांना पॉलिश पेपर मारला, नाहीतर गुळगुळीत पाइपवर पाय धरत नाही.

फिटर म्हणे, ‘भाऊ, वरून हिरवं गवत टाका ना, लग्नाच्या मांडवातलं. मस्त दिसीन.’

दिसेल मस्त, पण ते प्लास्टिकचे धागे कासवं उपटून खातात आणि आतडी तुंबतात. काथ्याचंही तेच, शिवाय तो कुजतो. जाळी उघडीच ठेवली. पाणी लगेच निथळतं.

‘मंग एवढा सांधा काहून पक्का करून राह्यलो आपण? माणूस बसनार हाय का यावर?’

सांधा सुटला तर पाणी आत शिरेल, तराफा एका कोपऱ्यावर कलेल, आणि कासव त्याच्या नि भिंतीच्या मध्ये अडकेल. कासव बुडून मरतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही. त्याला फुप्फुसं आहेत, श्वासाला वर यावंच लागतं. म्हणून तराफा आणि भिंत यांत एकतर बोटही जाऊ नये, नाहीतर अख्खं कासव आरामात जावं. अर्धवट फट घात करते.

संध्याकाळी हौदात थोडं पाणी घेऊन चाचणी. दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या कासवं म्हणून ठेवल्या. मध्ये ठेवल्या की तराफा ढिम्म. एका कडेला ठेवल्या की ती कड बोटभर पाण्यात जाते आणि चढायला सोपं होतं. हे ठरवून केलं नव्हतं, पण बरंच झालं.

तराफा इकडेतिकडे जाऊ नये म्हणून रंगाच्या दोन डब्यांत काँक्रीट भरून त्यात पातळ लोखंडी पाइप उभे केले. चौकटीला कड्या, त्या पाइपवरून वर-खाली सरकतात. काँक्रीट नवं आहे. त्यातला चुना पाण्यात उतरून डोळ्यांना, कातडीला त्रास देतो. डबे ड्रमात बुडवून ठेवलेत, पाणी बदलत राहायचं.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी हौदात कासवं. चढायच्या बाजूला जाळीची पट्टी दोरीने लोंबती बांधली, तिच्या खालच्या टोकाला दगड. पाणी उतरलं तरी ही पट्टी तराफ्यासोबत उतरते.

शेजारचे काका श्रीखंड खाताना म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, शेतातल्या विहिरीत सोडून दे, पुण्य लागेल. चांगल्या मनाने म्हणाले, म्हणूनच उत्तर द्यायला वेळ लागला. जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या शंभरांच्या यादीत हे कासव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. कादी आणि जोली या फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेलं निरीक्षण तर आमच्या तराफ्याशी थेट जुळतं: स्लायडर आणि तिथलं मूळचं तळ्यातलं कासव एकत्र ठेवले तेव्हा उन्हाला बसायच्या चांगल्या जागा स्लायडरने बळकावल्या, मूळचं कासव कमी प्रतीच्या जागांवर ढकललं गेलं. ऊन मिळालं नाही की काय होतं ते वर लिहिलंच आहे. आपल्याकडे केरळच्या वन संशोधन संस्थेने लोकांना ही कासवं तळ्यात सोडू नका असं सांगायला सुरुवात केली, तीही अशीच सोडलेली कासवं कालव्यात सापडल्यावर.

काका म्हणाले, ‘मंग पुण्य नाही, पापच म्हणा की.’

म्हटलं, हो.

४ एप्रिल

अजून चढत नाहीत. नवी जागा, वरून कावळे. कोणी जवळ आलं की बुडी. त्यांना मागे खोल पाणी मोकळं हवं, उडी मारायला, ते आहे. वाट पाहायची.

७ एप्रिल

मोठी चढली. साडेआठच्या उन्हात. धाकटा नंतर आला आणि सरळ तिच्या पाठीवर बसला, जागा रिकामी असून.

२२ एप्रिल

आता प्रश्न उलटा. दुपारी हौदाच्या काठाला हात लावता येत नाही. जास्त तापलं तर कासव मरतं, आणि उथळ पाणीही तापतं. तराफ्याच्या अर्ध्या भागावर शेडनेट ताणली: पूर्वेकडची बाजू उघडी, सकाळच्या उन्हाला, पश्चिमेकडची सावलीत. कुठे बसायचं ते त्यांनी ठरवावं. वरून तारेची जाळीही टाकली, कारण मुंगूस दोनदा फिरून गेलं आणि वानरांचा भरवसा नाही. अकरानंतर दोघं पाण्यात, चारनंतर परत वर.

२४ मे

पाण्याची ओढ. हौद निम्म्यावर. जुनं पाणी लिंबाला घालतो, लिंबू खूश. तराफा कड्यांवरून घसरत तितकाच खाली उतरलाय. पाइपवर शेवाळ आलं होतं, घासून काढलं. हात साबणाने धुतले, घरातल्या पोरांनाही तीच सक्ती. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतो, त्यापायी अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे. भांडी घासायच्या जागी तराफा धुवायचा नाही.

मोठीच्या पाठीवरची जुनी पातळ साल सुटते आहे, खालचं कवच टणक आणि चकचकीत. पुतण्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा दाखवला.

११ जून

दुकानात एक गिऱ्हाईक मुलाला घेऊन आलं. मुलाने कुठेतरी आमचा तराफा पाहिलाय. ‘तसंच कासव पाह्यजे याले. कुठी भेटते?’ मी पाइपचा भाव सांगितला आणि म्हटलं, आधी तराफा बांधा, हौद भरा, एक मे महिना त्यातलं पाणी बदलून दाखवा, मग कासवाचं बोलू. ते मोटारीचा वॉल्व्ह घेऊन गेले.

ज्यांच्याकडे स्लायडर आधीच आहे त्यांना मात्र पाइप कसा कापायचा ते मी विनामूल्य दाखवीन. अमडापूर स्टँडवर कुणालाही दुकान विचारा. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी कृपा करून आणू नका.