चित्रातून उतरलेली तलवार

श्रीशंकुकाचा चित्रातील घोडा काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. त्याला पाहून 'हा घोडा' अशी जी प्रतीती होते, ती खरीही नव्हे आणि खोटीही नव्हे. पण तोच घोडा चित्रातून उतरून दाराशी उभा राहिला, तर त्याला चारा आणि खरारा दोन्ही लागणार. अमेरिकेत माझ्या भाच्याने जमविलेल्या तलवारींच्या सहवासात मला हेच पुनःपुन्हा वाटत आले.

जपानी चित्रकथांतील आणि ॲनिमेपटांतील तलवारींच्या या प्रतिकृती. त्यांचे मूळ केवळ रेखाटलेले. तरीही त्या भिंतीवरच्या शोभेच्या नव्हेत. शोभेची तलवार बहुधा स्टेनलेस पोलादाची, मुठीत बारीक दांडी डकविलेली असते. यांचे पाते कर्बयुक्त पोलादाचे, मुठीच्या आत खोलवर गेलेले आणि बांबूच्या खुंटीने जखडलेले. अशा पुष्कळ तलवारी चीनमधील लोंगच्वान येथे घडविल्या जातात. त्यांना धार असते, आणि गंजही चढतो. भाचा म्हणतो, "मामा, ही चित्रातली तलवार आहे, हे गंजाला कुठं ठाऊक असतं?"

निगा राखण्याची रीत त्यानेच मला शिकविली. जुने तेल मऊ कागदाने पुसावे; धारेच्या दगडाची वस्त्रगाळ पूड पुरचुंडीने पात्यावर टिपून ती पुसून काढावी; मग लवंगेचा अर्क असलेल्या तेलाचा पुसट हात फिरवावा. उघडे बोट पात्याला लागू देऊ नये, आणि खुंटी सैल झाली नाही ना, हे पाहावे. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे उजळून पूजतात. येथे पूजा नाही. उजळणे मात्र वर्षातून अनेकदा.

या संग्रहातील एक तलवार मला विशेष विचार करायला लावते. नोबुहिरो वात्सुकी यांच्या 'रुरौनी केन्शिन' (१९९४–१९९९) या चित्रकथेचा नायक एके काळी मारेकरी होता. पुढे त्याने कोणाचाही जीव न घेण्याचे व्रत घेतले. कथेचा काळ १८७८, म्हणजे जपानमध्ये तलवार बाळगून हिंडण्यास बंदी झाली त्या १८७६ नंतरचा. त्याच्या 'साकाबातो'ची धार बाकाच्या बाहेरच्या अंगाला नसून आतल्या अंगाला आहे. नेहमीचा वार केला, तर समोरच्याला बोथट पाठच लागते.

कागदावर हे व्रत सोपे आहे. पोलाद ते सहज मान्य करीत नाही. पाणी देताना धारेकडचा भाग झटकन थंड होऊन कठीण होतो, किंचित प्रसरण पावतो, आणि पाते पाठीकडे वळते. जपानी तलवारीचा डौलदार बाक असाच येतो. धार आत घ्यायची, तर लोहाराला पोलादाच्या या स्वभावाविरुद्ध आधीच बाक काढून ठेवावा लागतो. एरवी म्यानातून उपसताना पाठ लाकडावरून सरकते आणि धार निर्वेध राहते. येथे नेहमीप्रमाणे उपसले, की धारच लाकूड तासू लागते. पुसतानाही तेच. चिमटीतला कागद सवयीने आतल्या बाकावर धरावा, तर तेथे धार.

म्हणून ही तलवार पुसताना मी हात सावकाश चालवितो. न मारण्याच्या व्रताची झीज म्यानाने सोसायची असते, आणि त्याची सावधगिरी बाळगणाऱ्याने. चित्रातला नायक हे दोन्ही जाणत असेल, असे मला ती हाती घेतल्यावरच वाटू लागले.