वय चोरणारी डुक्कर फियाट

या, ओळख करून देतो. ही डुक्कर फियाट. अंगाने गुबगुबीत, गालफडं फुगलेली, नाक पुढे. या नावाचा तिला राग नाही. पद्मिनी म्हटलंत तर मात्र रुसेल. पद्मिनी १९७४ ची, हिची नात शोभेल.

आजोळ इटलीचं, माहेर कुर्ल्याचं. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ही १९५४ पासून घडू लागली. सकाळी चोक ओढल्याशिवाय बोलत नाही आणि गिअर बाळगते स्टिअरिंगच्या दांड्यावर.

वय सांगताना भारी लबाड! मालक म्हणेल, ‘पंचावन्नचं मॉडेल.’ वाद घालू नका, पुढचं दार उघडा. ते उलटं उघडतं; पुढचं-मागचं, दोन्ही दारं मधल्या एकाच खांबाला टांगलेली. मागे टोकदार पंख फुटले असतील, तर ती १९५८ च्या पुढची. दारं नेहमीसारखी उघडली, तर ही डुक्कर नव्हेच; १९६४ च्या सुमारास आलेली तिची धाकटी बहीण.

नटण्याची हौस दांडगी. उल्हासनगरात सीटा नव्या, रंग नवा. बॉनेटखाली कधी इंजिनही नातीचं. अशा वेळी रॉकेलचं फडकं घ्या आणि पत्र्यावरचा चॅसिस नंबर हलक्या हाताने पुसा. सँडपेपर लावाल तर आकडाच जाईल. अंबरनाथच्या शिवालयाचं वय जसं शके ९८२ च्या शिलालेखातून कळतं, तसं हिचं या आकड्यांतून. आरसी बुकाशी ते ताडून पाहा.

नंबरप्लेटही बोलते. तीन अक्षरी नंबर १९८९ पूर्वीचा. एमएच-०५ असेल, तर त्यानंतर कल्याणला नोंदलेली. बहुधा परराज्यातून आलेली. जुना नंबर मिळाला की आधीचे मालक सापडू लागतात.

दुखणी मात्र लपवते. बदलापुरात राहिलेली असेल, तर दाराच्या आतला पत्रा आणि पायाखालची जमीन तपासा. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात शिरली होती. वरचा रंग ते सांगणार नाही, कोपऱ्यातला गाळ सांगेल.

२०२१ पासून पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो. म्हणून पेंटरला हाक मारण्याआधी नंबराच्या प्रत्येक पट्टीचा फोटो काढा, आकडे उतरवा, जुनी बिलं जपा. रंग पुढच्या वर्षीही मारता येईल. लांबीखाली गेलेला पुरावा परत मिळणार नाही.